एक भुकटी, दोन बीम: हार्वेलमधला आठवडा

रविवार

हीथ्रोहून रेडिंगपर्यंत बस, रेडिंगहून डिडकॉट पार्कवे स्टेशनपर्यंत आगगाडी आणि तिथून पुन्हा बस. शेतं संपली की हार्वेलचं विज्ञान-आवार सुरू होतं आणि त्यातच रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळा आहे. न्यूट्रॉन आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि अल्पायुषी कण) या दोन्ही कणांचे बीम, म्हणजे झोत, एकाच छपराखाली वापरू देणारी ठिकाणं जगात मोजकी आहेत. त्यातलं जुनं आणि अनुभवी ठिकाण म्हणजे इथलं ‘आयसिस’. ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीला आयसिस म्हणतात. नदीचंच नाव इथल्या यंत्राला दिलेलं आहे.

सामानात जपायची वस्तू एकच, चार-साडेचार ग्रॅम हिरवी भुकटी. क्लिनोअटाकामाइट हे तांबं, क्लोरीन आणि हायड्रॉक्सिल यांचं खनिज, इथे प्रयोगशाळेत बनवलेलं. तांब्याच्या प्रत्येक आयनावर अर्ध्या स्पिनचा एक छोटा चुंबक असतो (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत फिरकीसारखा गुण, त्यातूनच चुंबकत्व येतं). हे आयन त्रिकोणांच्या जाळ्यात बसलेले असल्यामुळे शेजाऱ्यांपैकी कुणाच्या उलट तोंड करायचं हा पेच त्यांना सुटत नाही. याच घराण्यात जस्त मिसळत गेलं की हर्बर्टस्मिथाइट मिळतं, आणि ते ५० मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही त्याचे चुंबक गोठत नाहीत, हे २००७ मध्ये म्यूऑननी दाखवलं. जस्त नसलेला मूळ पदार्थ मात्र अडचणीत टाकतो. सुमारे १८ केल्विनच्या खाली स्थिर अंतर्गत चुंबकी क्षेत्र दिसतं असं म्यूऑन २००५ पासून सांगतात. न्यूट्रॉनना चुंबकी शिखरं, म्हणजे चुंबकांच्या शिस्तबद्ध रचनेमुळे आलेखात उठणारे उंचवटे, स्वच्छ दिसतात ती सुमारे ६.५ केल्विनच्या खाली. मधल्या पट्ट्यात नेमकं काय आहे यावर मतभेद आहेत. म्हणून एकाच घाण्यातून, म्हणजे एकाच वेळी बनवून, निघालेली भुकटी दोन्ही बीमखाली ठेवायची, एवढंच या आठवड्याचं काम. दोन वेगळ्या घाण्यांची तुलना केली तर पदार्थातला फरक कुठला आणि बीममधला कुठला, ते कधीच कळणार नाही.

भुकटी जड पाण्यात वाढवलेली आहे, म्हणजे तिच्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनना सगळीकडे विस्कटून टाकतो. त्याचा असंबद्ध विकिरण-छेद, म्हणजे न्यूट्रॉनना असं विस्कटण्याच्या शक्यतेचं माप, ८० बार्न (या मापाचं एकक) आहे, ड्युटेरियमचा सुमारे २. हायड्रोजन तसाच राहिला तर आलेखाचा तळ इतका वर चढतो की बारीक चुंबकी शिखरं त्यात बुडून जातात. स्फटिकातलं ड्युटेरियम सहज सुटत नाही, पण कणांच्या पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते. त्यामुळे बाटली सीलबंद, आत शोषक पुडी, आणि उघडायची ती फक्त ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरून हातमोज्यांनी काम करायच्या बंद पेटीत. नमुन्याचं रासायनिक नाव, वजन आणि धोक्यांची नोंद प्रयोगाच्या अर्जात महिनाभर आधी भरलेली असते. बाटलीवरचं लेबल त्या नोंदीशी अक्षरशः जुळायला हवं, नाहीतर पहिला अर्धा दिवस कागदांतच जातो.

सोमवार

सकाळी सुरक्षा-प्रशिक्षण, ओळखपत्र आणि छातीवर लावायचा किरणोत्सारमापक बिल्ला. मग प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाबरोबर बसून मोजमापांचा क्रम पक्का करायचा.

क्रमात आधी म्यूऑन, नंतर न्यूट्रॉन. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. इथे वापरतात ते म्यूऑन नमुन्यात थांबतात आणि संपून जातात, नमुना किरणोत्सारी होत नाही. न्यूट्रॉन मात्र तांब्यातून तांबं-६४ तयार करतात आणि त्याचं अर्धायुष्य १२.७ तास आहे. आधी न्यूट्रॉन घेतले तर पुढचे काही दिवस भुकटीला हात लावता येत नाही आणि म्यूऑनची वेळ वाया जाते.

बीम कसा तयार होतो ते इथे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढची प्रत्येक अडचण त्यातूनच निघते. ऋण हायड्रोजन आयन रेषीय त्वरकात ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पळवले जातात. १६३ मीटर घेराच्या वर्तुळात शिरताना एक अतिपातळ पडदा त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि उरतात ते प्रोटॉन. हजारो फेऱ्यांनंतर त्यांची ऊर्जा ८०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, वेग प्रकाशाच्या सुमारे ८४ टक्के. अशा नाड्या सेकंदाला ५०. पाचांतल्या चार पहिल्या लक्ष्य-केंद्राकडे जातात, एक दुसऱ्याकडे. टँटलमचं कवच चढवलेल्या टंगस्टनवर प्रोटॉन आदळला की प्रत्येक प्रोटॉनमागे पंधरा-वीस न्यूट्रॉन उडतात. अणुभट्टीत न्यूट्रॉनची धार अखंड वाहते, इथे ती ठोक्याठोक्यानं येते. सरासरी प्रवाह कमी असूनही प्रत्येक न्यूट्रॉन कधी निघाला ते माहीत असतं, म्हणून त्याचा वेग मोजता येतो. हीच या पद्धतीची ताकद. इथे पहिले न्यूट्रॉन १९८४ च्या डिसेंबरात निघाले. दुसरं लक्ष्य-केंद्र २००८ मध्ये सुरू झालं.

पहिल्या केंद्राच्या वाटेवर टंगस्टनच्या आधी ग्रॅफाइटचा एक पातळ तुकडा प्रोटॉनच्या मार्गात उभा असतो. दोन-तीन टक्के प्रोटॉन त्यात खर्ची पडतात आणि पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. त्यांच्या विघटनातून म्यूऑन निघतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागापाशीच थांबलेल्या पायॉनपासून जो म्यूऑन निघतो त्याचा स्पिन त्याच्या गतीच्या बरोब्बर उलट दिशेला असतो. सगळे म्यूऑन एकाच दिशेला तोंड केलेले, जवळजवळ १०० टक्के ध्रुवित, आणि त्यासाठी काहीही करावं लागत नाही. निसर्गानं फुकट दिलेली एवढी शुद्ध गोष्ट प्रायोगिक भौतिकशास्त्रात क्वचितच हाती लागते.

दुपारी म्यूऑनसाठी नमुना बसवायचा. या म्यूऑनची ऊर्जा जेमतेम ४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ते भुकटीत मिलिमीटरभर आतच थांबतात. २५ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची चकती पुरते, म्हणजे सुमारे २ ग्रॅम. भुकटी चांदीच्या पातळ वर्खाच्या पाकिटात दाबून भरायची आणि अतिशुद्ध चांदीच्या पट्टीवर चिकटवायची. चांदीच का? नमुन्याला चुकवून बाजूला पडलेले म्यूऑन पट्टीत थांबतात. चांदीच्या अणुकेंद्रांचं चुंबकत्व इतकं क्षीण आहे की तिथल्या म्यूऑनचा स्पिन ढळत नाही. त्यामुळे पार्श्वभूमी सपाट राहते आणि सपाट पार्श्वभूमी वजा करणं सोपं. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरली तर पार्श्वभूमीलाच स्वतःचा उतार येतो.

पाकीट भरताना दोन चुका हमखास होतात. भुकटी सैल राहिली तर पट्टी उभी करताच ती खाली सरकते, वरचा अर्धा भाग रिकामा पडतो आणि बीम चांदीतच जातो. भुकटी आणि पट्टी यांच्यात ग्रीसचा पातळ थर दिला नाही तर तापमानमापक १.६ केल्विन दाखवतो आणि भुकटी ४ केल्विनवर बसलेली असते. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण आलेख सुंदर येतो आणि तापमानाचा आकडा खोटा असतो.

मंगळवार

उपकरणाचं नाव म्यूएसआर. नमुन्याभोवती ६४ डिटेक्टरांची दोन कडी असतात. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, आणि मरताना तो पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) टाकतो तो बहुतांशी स्वतःचा स्पिन ज्या दिशेला असेल त्या बाजूला. पुढच्या आणि मागच्या कड्यांतल्या गणनेचा फरक, म्हणजे असममिती, वेळेनुसार काढला की स्पिन कसा फिरला आणि कसा विस्कटला ते समोर येतं. म्यूऑन ही नमुन्याच्या आत ठेवलेली कंपासची सुईच, फक्त तिचं आयुष्य दोन मायक्रोसेकंदांचं आहे.

बीम उघडण्याआधी आवाराची तपासणी होते. आत कुणी नाही हे पाहायचं, आतलं शोध-बटण दाबायचं, फाटक लावायचं, किल्ली पेटीत फिरवायची. क्रम चुकला की साखळी पुन्हा पहिल्यापासून.

पहिलं मोजमाप नेहमी अल्फासाठी, म्हणजे दोन कड्यांची गणना एकमेकांशी जुळवणाऱ्या गुणोत्तरासाठी. पुढची आणि मागची कडी कधीच अगदी सारखी नसतात. नमुना मिलिमीटरभर पुढे बसला तरी गणनेचं गुणोत्तर बदलतं. म्हणून ३० केल्विनवर, पदार्थ पूर्ण पराचुंबकी असताना, म्हणजे त्याचे चुंबक कुठल्याही शिस्तीत नसताना, स्पिनला आडवं २० गॉसचं क्षेत्र द्यायचं (१०,००० गॉस म्हणजे १ टेस्ला). म्यूऑनची वारंवारता टेस्लामागे १३५.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० गॉसमध्ये एक फेरी ३.७ मायक्रोसेकंदांत. हे दोलन शून्याच्या वर आणि खाली सारखं दिसेपर्यंत अल्फा जुळवायचा. अल्फा न काढता शून्य-क्षेत्राची मोजमापं सुरू केली तर नंतर आलेखाचा तळ कुठे आहे हेच सांगता येत नाही. सगळं काम आलेखाच्या एक-तृतीयांश उंचीच्या शेपटीवर (ती बुधवारी येईल) उभं असताना हा हलगर्जीपणा परवडत नाही.

मग बाहेरचं क्षेत्र शून्य करायचं. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, शिवाय शेजारच्या उपकरणांची गळती. तीन दिशांची वेटोळी आणि फ्लक्सगेट मापक मिळून ते सतत रद्द करत राहतात. शेजाऱ्यानं मोठा चुंबक चालू केला की आकडा हलतो. त्यामुळे मोजमापाच्या नोंदीत क्षेत्राचा आलेख जपून ठेवायचा.

तापमानाची शिडी संध्याकाळी लावली: ३०, २२, २०, १९, १८, १७, १६, १४, १२, १०, ८, ७, ६.५, ६, ५, ४, २, १.६. जिथे बदल अपेक्षित आहे तिथे पायऱ्या जवळजवळ, बाकी ठिकाणी लांब. प्रत्येक पायरीवर दोन कोटी घटना, त्याला अर्ध्या तासाच्या आसपास, आणि तापमान स्थिरावायला पंधरा मिनिटं. मोजणी नेहमी घटनांच्या आकड्यावर थांबवायची, घड्याळावर नाही. मध्येच बीम गेला तर घड्याळ पळत राहतं आणि बिंदू अर्धवट राहतो.

२० गॉसच्या आडव्या क्षेत्रातलीच आणखी एक झटपट फेरी रात्रीच्या आज्ञावलीत घातली, आणि हिची शिफारस मनापासून. पदार्थाचा जो भाग चुंबकी झाला आहे तिथल्या म्यूऑनना आतलं क्षेत्र २० गॉसपेक्षा कितीतरी मोठं भासतं, म्हणून ते ३.७ मायक्रोसेकंदांच्या तालातून बाहेर पडतात. तालात उरलेल्यांचा आयाम म्हणजे चुंबकी न झालेला भाग अधिक चांदी. हा आयाम तापमानानुसार मांडला की किती टक्के नमुना बदलला ते थेट वाचता येतं, कुठलंही मॉडेल न लावता. उतार खडा असेल तर नमुना एकजिनसी, लांबट पसरला तर नमुन्यात मिसळ. शिवाय सगळ्यात खालच्या तापमानाला जो आयाम उरतो तो चांदीचा वाटा. तो आकडा पुढच्या सगळ्या विश्लेषणात गोठवून ठेवायचा.

बुधवार

सकाळी रात्रीची फेरी वाचायला घेतली. ३० केल्विनला संथ, जवळजवळ सपाट उतार. तो अणुकेंद्रांच्या क्षेत्रांचा असतो. इलेक्ट्रॉनांचे चुंबक तेव्हा इतक्या वेगानं हलत असतात की म्यूऑनला त्यांची सरासरी शून्य लागते. या घराण्यात म्यूऑन हायड्रॉक्सिलच्या ऑक्सिजनपाशी बसतो आणि शेजारच्या प्रोटॉनशी जोडी जमवतो. साध्या हायड्रोजनच्या नमुन्यात त्या जोडीचं मंद दोलन उठून दिसतं. ड्युटेरियमचं चुंबकत्व कमी असल्यामुळे इथे ते दबलेलं आहे. म्यूऑन कुठे बसला आहे याचा एवढा चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

१८ केल्विनच्या खाली उतरलं की चित्र पालटतं. सुरुवातीची असममिती कोसळते आणि दोलन उमटतं, म्हणजे आत ठराविक मापाचं स्थिर क्षेत्र आहे. ६.५ च्या आसपास त्याचं रूप पुन्हा बदलतं. जुन्या मोजमापांशी हे जुळतं. नमुना चांगला आहे याची ती पावती, आणि पुढे जायला तेवढी हवीच होती.

आता या बीमची मर्यादा. प्रोटॉनची नाडी जवळपास ८० नॅनोसेकंद रुंद असते, म्हणून सगळे म्यूऑन एका क्षणी येत नाहीत. दोलन फार वेगवान असेल तर लवकर आलेल्याचं शिखर आणि उशिरा आलेल्याची दरी एकमेकांवर पडतात आणि सगळं पुसलं जातं. १० मेगाहर्ट्झ, म्हणजे ७४ मिलिटेस्लाच्या क्षेत्रापाशी गणित जवळपास संपतं. क्षेत्र टेस्लाच्या घरात असेल तर दोलन दिसतच नाही, फक्त सुरुवातीची असममिती हरवलेली दिसते. तेव्हा ‘दोलन नाही, म्हणजे क्रम (चुंबकांची ठरावीक मांडणी) नाही’ असा निष्कर्ष काढणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक. अशा पदार्थासाठी स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेसारखा अखंड बीम लागतो, जिथे एकेक म्यूऑन वेगळा मोजतात. उलट बाजूनं, नाडीच्या बीममध्ये दोन नाड्यांमधली पार्श्वभूमी अतिशय कमी असते. त्यामुळे १५ मायक्रोसेकंदांच्या पुढेही, म्हणजे सात आयुष्यांनंतरही, आकडे वापरता येतात. मंद हालचालींसाठी हाच बीम सरस.

दुपार एका प्रश्नावर घालवली: १० केल्विनला क्षेत्र खरोखर स्थिर आहे का? भुकटीत क्षेत्राच्या दिशा सगळीकडे वाटलेल्या असतात. सरासरी एक-तृतीयांश म्यूऑनचा स्पिन क्षेत्राला समांतर पडतो आणि तो फिरत नाही. क्षेत्र पूर्ण स्थिर असेल तर आलेखाची शेपटी एक-तृतीयांश उंचीवर आडवी राहते. शेपटी उतरत असेल तर काहीतरी हलतं आहे. इथे ती हळूहळू उतरते, म्हणजे क्रम आणि हालचाल दोन्ही एकत्र. खात्रीसाठी स्पिनच्या दिशेनं बाहेरून क्षेत्र द्यायचं. या उपकरणावर ते ०.२५ टेस्लापर्यंत जातं. स्थिर अंतर्गत क्षेत्राच्या पाच-दहा पट बाहेरचं क्षेत्र दिलं की स्पिन पकडून ठेवला जातो आणि शेपटी वर येते. तरीही उतार उरला तर तो हालचालीचा, त्यात पळवाट नाही. अंतर्गत क्षेत्र मोठं असेल तर हीच चाचणी ५ टेस्लाच्या हायफाय या उपकरणावर करावी लागते.

शेवटी अर्ध्या तासात नुसत्या चांदीच्या पट्टीची मोजणी. एकाच नाडीत खूप पॉझिट्रॉन आले की डिटेक्टर एक मोजताना दुसरा चुकवतो. त्याची दुरुस्ती याच मोजणीवरून होते. ती विसरली तर पहिल्या मायक्रोसेकंदात असममितीला खोटा बाक येतो, आणि तोच बाक नंतर कुणीतरी नवं भौतिकशास्त्र म्हणून छापतं.

गुरुवार

भुकटी चांदीतून काढून उरलेल्या साठ्यात मिसळली. चांदी न्यूट्रॉन-बीममध्ये न्यायचीच नाही. तिच्यापासून बनणाऱ्या एका समस्थानिकाचं अर्धायुष्य २५० दिवस आहे, आणि वर्खाचा एक तुकडा भुकटीत राहिला तरी नमुना महिनोन्‌महिने अडकून पडतो. चाळणीतून काढणं आणि भिंगाखाली पाहणं हे दोन्ही केलं.

न्यूट्रॉनसाठी डबी व्हॅनेडियमची. व्हॅनेडियमच्या अणुकेंद्रांकडून संबद्ध विकिरण, म्हणजे शिखरं उठवणारं विकिरण, जवळजवळ होत नाही, म्हणून डबीची स्वतःची शिखरं आलेखात येत नाहीत. व्यास किती घ्यायचा यावर चर्चा झाली, कारण क्लोरीन न्यूट्रॉन शोषतं. १.८ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) तरंगलांबीला त्याचा शोषण-छेद ३३.५ बार्न आहे, आणि तरंगलांबी वाढली की त्याच प्रमाणात वाढतो. चुंबकी शिखरं नेमकी लांब तरंगलांबीला येतात. ११ मिलिमीटरची जाड डबी घेतली तर भुकटी जास्त मावते, पण आतल्या भुकटीपर्यंत लांब तरंगलांबीचे न्यूट्रॉन कमी पोचतात. ८ मिलिमीटर व्यास आणि ४० मिलिमीटर उंची, म्हणजे २ घन सेंटिमीटर. निम्मी जागा पोकळी धरली तर सुमारे पावणेचार ग्रॅम. आहे त्यात बसलं.

डबी ग्लोव्हबॉक्समध्ये हेलियमच्या वातावरणात बंद करायची. झाकणाखाली इंडियमची १ मिलिमीटर जाडीची तार वेटोळी करून ठेवायची आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळायचे. एकच बाजू आधी आवळली तर इंडियम दुसरीकडून निसटतं आणि द्रव हेलियमच्या तापमानाला फट उघडते. हेलियम आत असणं महत्त्वाचं, कारण थंडीत कणाकणांत उष्णता पोचवणारं दुसरं काहीच नसतं. डबी हवेत बंद केली तर आतली हवा गोठते आणि भुकटी निर्वातात एकटी पडते. मग मापकावर १.५ केल्विन, भुकटी मात्र किती तापमानावर आहे ते कुणालाच माहीत नाही. झाकणाच्या धातूवर बीम पडू नये म्हणून वर कॅडमियमचा पत्रा. तो विषारी आहे, हातमोजे न घालता कापायचा नाही.

संध्याकाळी दुसऱ्या लक्ष्य-केंद्रावर. उपकरणाचं नाव विश.

शुक्रवार

विशवर न्यूट्रॉन आधी गोठलेल्या मिथेनमधून जातात आणि मंद होतात. तिथून नमुन्यापर्यंत ४० मीटर, नमुन्यापासून डिटेक्टरपर्यंत २.२ मीटर. १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन सेकंदाला ३,९५६ मीटर जातो, म्हणजे या वाटेला त्याला १०.७ मिलिसेकंद लागतात. ९ अँगस्ट्रॉमच्या न्यूट्रॉनला ९६. या केंद्रावर नाड्या सेकंदाला १०, म्हणजे पुढची नाडी १०० मिलिसेकंदांनी. त्यातून एका खेपेला वापरता येणारा पट्टा सुमारे साडेनऊ अँगस्ट्रॉमचा. मागच्या नाडीचे रेंगाळलेले न्यूट्रॉन पुढच्या नाडीत मिसळू नयेत म्हणून वाटेत फिरत्या चकत्या त्यांना अडवतात. चकतीच्या फिरण्याचा ताल नाडीशी जुळला नाही तर आलेखात भुतासारखी शिखरं येतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांच्या आलेखात पट्ट्याच्या कडा तपासून घ्यायच्या.

चुंबकी शिखरांची तीव्रता चुंबकाच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सगळा पेच याच ओळीत आहे. तांब्याचा चुंबक पूर्ण जागा असला तरी १ बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकांचं एकक). हालचालीमुळे तो त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आला तर शिखर पंचविसाव्या हिश्श्यावर येतं. म्यूऑनला दिसणारं क्षेत्र मात्र फक्त पाचव्या हिश्श्यावर येतं. शिवाय धारदार शिखर उमटायला क्रम शेकडो अँगस्ट्रॉमपर्यंत अखंड लागतो. म्यूऑनला आपल्या शेजारचे चार-सहा आयन पुरतात.

म्हणून मोजमापं तीनच तापमानांना, पण लांब: २५, १० आणि १.५ केल्विन. मोजणी मायक्रोअँपिअर-तासांत, म्हणजे लक्ष्यावर पडलेला प्रोटॉनचा प्रवाह गुणिले वेळ. लक्ष्यावर ४० मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह असला तर २०० मायक्रोअँपिअर-तासांना पाच तास. तिन्हींना मिळून पंधरा. आज्ञावलीत ‘इतके मायक्रोअँपिअर-तास होईपर्यंत थांब’ अशी ओळ असते आणि तिच्या आधी ‘तापमान स्थिर होऊन अर्धा तास थांब’ अशी दुसरी. दुसरी ओळ राहून गेली तर पहिला तासभर तापमान घसरत असताना मोजला जातो आणि त्या पाच तासांचं मोल उरत नाही.

वरचं तापमान खोलीचं न घेता २५ केल्विन घेण्याचं कारण वजाबाकी. चुंबकी भाग वेगळा काढायला १.५ च्या आलेखातून २५ चा वजा करायचा असतो. खोलीच्या तापमानाला जाळी फुगलेली असते, शिखरं सरकलेली असतात, आणि वजाबाकीत प्रत्येक मोठ्या शिखरापाशी एक उंचवटा व एक खड्डा उमटतो. २५ च्या खाली फुगवटा नगण्य.

क्रायोस्टॅटच्या, म्हणजे नमुना थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या, ॲल्युमिनियमची काळजी फारशी नाही. त्याचं सर्वांत लांब अंतराचं शिखर २.३४ अँगस्ट्रॉमला आहे आणि चुंबकी शिखरं त्याच्या पलीकडे शोधायची आहेत. नमुन्याभोवतीचा झुलता कोलिमेटर, म्हणजे फक्त नमुन्याकडून येणारे न्यूट्रॉन सोडणारी जाळी, उरलेला बराचसा कचरा गाळतो.

शनिवार

अधूनमधून बीम थांबतो. त्वरक म्हटलं की हे आलंच, आणि गोठलेलं मिथेनही किरणोत्सारानं खराब होत असल्यामुळे ठरावीक काळानं बदलावं लागतं. मोकळ्या वेळात व्हॅनेडियमच्या कांडीची आणि रिकाम्या डबीची मोजणी कधी बसवायची ते ठरवलं. व्हॅनेडियम न्यूट्रॉनना सगळीकडे सारखं उधळतं, म्हणून हजारो डिटेक्टर-बिंदूंची एकमेकांशी बरोबरी त्यावरूनच लावतात. ही दोन मोजमापं शेवटी वेळ उरला तर करू म्हणून ठेवली की राहतातच.

मँटिड या संगणक-प्रणालीत वजाबाक्या काढल्या. १.५ उणे २५ मध्ये नवी शिखरं स्पष्ट. १० उणे २५ मध्ये गोंगाटाच्या वर काही नाही. या रिकाम्या आलेखाला किंमत आहे, फक्त तो ‘काही दिसलं नाही’ असा लिहायचा नाही. १.५ केल्विनच्या शिखराची रुंदी आणि आकार घ्यायचे, तेवढं शिखर गोंगाटात किती उंचीपर्यंत लपू शकेल ते काढायचं, आणि त्याचं वर्गमूळ घेऊन चुंबकाच्या मापाची वरची मर्यादा द्यायची. चारपट मोजणी केली तर गोंगाट निम्मा होतो, पण वर्गमुळामुळे मापाची मर्यादा फक्त तीस टक्क्यांनी खाली येते. त्यामुळे १० केल्विनवर आणखी रात्र घालण्यापेक्षा ती ८ केल्विनच्या बिंदूला दिली.

म्यूऑन म्हणतात १० केल्विनला स्थिर क्षेत्र आहे, न्यूट्रॉन म्हणतात अखंड क्रमाची शिखरं नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. चुंबकाचं माप लहान असेल, किंवा क्रमाचे तुकडे लहान असतील आणि शिखर इतकं पसरलं असेल की तळात मिसळलं. दुसरी शक्यता तपासायला तळाचाच उठाव पाहायचा: २५ आणि १० च्या आलेखांत रुंद, ठेंगणा टेकाड बदलतो का? त्यासाठी पार्श्वभूमीची वजाबाकी जास्त काटेकोर लागते आणि रिकाम्या डबीची मोजणी इथेच कामी येते.

रविवार

डबी बाहेर काढताना मापक हातात. पहिल्या काही मिनिटांत व्हॅनेडियम विझतं, त्याचं अर्धायुष्य पावणेचार मिनिटं. इंडियमला तास-तासाच्या हिशेबानं थांबावं लागतं, तांब्याला दिवसांच्या. पाच दिवसांत तांबं-६४ सातशेव्या हिश्श्यावर येतं. तोवर डबी शिसं लावलेल्या कपाटात, वर प्रयोगाचा क्रमांक, पदार्थाचं नाव, बीममधून काढल्याची वेळ आणि त्या वेळचं मापकाचं वाचन लिहून. तपासणीत स्वच्छ ठरल्यावर ती कुरिअरनं परत येईल. तिच्याबरोबर कुठलं पत्र हवं ते आजच भरून द्यायचं, कारण गेल्यावर ते कुणी भरत नाही.

आकडे प्रयोगशाळेच्या साठ्यात आहेतच. तरी नोंदवहीची एक प्रत सोबत घेतली: अल्फा, चांदीचा वाटा, डबीतलं नेमकं वजन, भुकटीची उंची आणि ज्या ज्या वेळी बीम गेला ती वेळ. पुढच्या अर्जात अशीच, पण थोडं जस्त मिसळून बनवलेली भुकटी आणि १८ ते ६.५ चा पट्टा जस्ताबरोबर कसा आकसतो हा प्रश्न. क्रम तोच, आधी म्यूऑन.